धर्माच्या गायीचे दात : 'द स्लिप' आणि विनामूल्य कलाकृतीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

मराठीत 'विनामूल्य' हा शब्द वापरताना त्यातील 'मूल्य' म्हणजे किंमत, हे गृहीत धरलेले असते. 'मूल्यमापन', 'वाङ्मयीन मूल्य', 'मूल्यविवेक' या शब्दांत तेच मूल्य येते तेव्हा मात्र किमतीचा विचार मनात येऊ नये, अशी समीक्षेची अपेक्षा असते. एकाच शब्दाचे हे दोन संसार सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. परंतु निर्मात्यानेच आपली कलाकृती फुकट वाटून टाकली की त्यांची गाठ पडते. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, ही म्हण घेणाऱ्याला शहाणपण शिकवते. गृहस्थाने ती जरूर पाळावी. समीक्षकाने पाळली तर त्याला काही कामच उरत नाही.

'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'द स्लिप' हा अल्बम ५ मे २००८ रोजी वृंदाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेण्यासाठी खुला झाला, तेव्हा नेमके हेच घडले. त्या वेळच्या चर्चेत अल्बमपेक्षा त्याच्या वितरणपद्धतीला अधिक जागा मिळाली. एका प्रस्थापित कलावंताने कंपनीला वगळून श्रोत्यांना थेट भेट दिली, ही बातमी होती. भेटीत काय होते, हा प्रश्न मागे पडला. तो प्रश्न वितरणाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येतो का, आणि येत नसेल तर दोहोंचा सांधा कलाकृतीत नेमका कोठे आहे, हे पाहणे आज शक्य आहे. कारण त्या बातमीचे नावीन्य आता पूर्णपणे ओसरले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. वृंदाचा कर्ताधर्ता ट्रेंट रेझनर याने ऑक्टोबर २००७ मध्ये आपण ध्वनिमुद्रण कंपनीच्या करारातून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात 'रेडिओहेड' या इंग्लिश वृंदाने 'इन रेनबोज' हा अल्बम 'वाटेल ती किंमत द्या' या तत्त्वावर खुला केला होता. पुढच्याच महिन्यात सॉल विल्यम्स या कवि-गायकाचा, रेझनरने निर्मिलेला अल्बम मोफत अथवा पाच डॉलरला, अशा दोन पर्यायांत आला. जानेवारी २००८ मध्ये रेझनरने त्याचे आकडे प्रसिद्ध केले : १,५४,४४९ जणांनी अल्बम उतरवून घेतला, त्यांपैकी २८,३२२ जणांनी पैसे दिले. या आकड्यांनी त्याची निराशा झाली होती. मार्च २००८ मध्ये 'घोस्ट्स १–४' हा छत्तीस शब्दरहित रचनांचा संग्रह आला. त्यातील पहिल्या नऊ रचना मोफत, सर्व रचना पाच डॉलरला, आणि तीनशे डॉलरची विशेष आवृत्ती अडीच हजार प्रतींची. ही विशेष आवृत्ती पाहता पाहता संपली. त्यानंतर दोन महिन्यांनी 'द स्लिप' आला आणि तो शंभर टक्के मोफत होता. या वेळी आपल्यातर्फे, अशा अर्थाचे एक वाक्य रेझनरने सोबत लिहिले होते. उपाहारगृहात मित्राचे पैसे देताना जे म्हटले जाते तेच.

या वाक्याचा सूर मैत्रीचा आहे आणि भेटीच्या मीमांसेत असा सूर नेहमीच संशयास्पद ठरतो. मार्सेल मोस याने १९२५ मध्ये भेटीवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की निरपेक्ष भेट असे काही नसते. देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही क्रिया बंधनकारक असतात. मोसच्या या मांडणीत महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचा आधार आहे, हे मराठी अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे. झाक देरिदाने १९९१ मध्ये त्यापुढे जाऊन म्हटले, की भेट ही भेट म्हणून ओळखली गेली की त्या क्षणीच ती नष्ट होते, कारण ओळखणे हीच परतफेडीची सुरुवात असते. या दोन्ही विचारांच्या कसोटीवर 'द स्लिप' ही भेट टिकत नाही, हे सिद्ध करणे फार सोपे आहे. अल्बम हवा असेल तर ई-मेलचा पत्ता द्यावा लागत होता; पुढे जुलैमध्ये त्याच अल्बमची विकत घेण्याजोगी तबकडी आली; आणि उन्हाळ्यात सुरू झालेल्या संगीतदौऱ्याला अल्बममधील एका गाण्याचेच, 'लाइट्स इन द स्काय'चे, नाव देण्यात आले होते. पाणपोईवर पाणी पिणाऱ्याला त्याचे नाव-गाव विचारत नाहीत. येथे पत्ता तेवढा विचारला गेला.

मात्र एवढे सिद्ध करून थांबणे हा सिद्धांताचा आळशी उपयोग झाला. पाणपोईची उपमा आणखी एका अंगाने पाहता येते. आपल्या परंपरेतील दानविचारात 'पात्र' ही मध्यवर्ती कल्पना आहे. दान सत्पात्री असावे लागते. पाणपोई ही कसोटीच रद्द करते. कोण येईल, किती पिईल, आभार मानील की नाही, यांपैकी काहीही देणाऱ्याच्या हाती उरत नाही. 'द स्लिप' प्रतिष्ठेच्या सर्वांत उच्च ध्वनिदर्जातही मोफत उपलब्ध होता, शिवाय त्याला 'क्रिएटिव्ह कॉमन्स' प्रकारचा परवाना जोडलेला होता : निर्मात्याचे नाव द्यावे, व्यापारी उपयोग करू नये, आणि बदल करून पुढे द्यायचे तर याच अटींवर द्यावे, एवढे पाळले की प्रती काढण्यास, वाटण्यास, मोडतोड करून नवे काही घडवण्यास मुभा. पात्रतेची परीक्षा सोडून देणारा दाता आपल्या कृतीवरील ताबाही काही प्रमाणात सोडून देतो. 'द स्लिप'च्या वाचनात हा ताबा सुटण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण अल्बमच्या आशयातही तोच केंद्रस्थानी आहे.

तेथवर येण्यापूर्वी 'इंडस्ट्रियल रॉक' या प्रकाराविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. 'औद्योगिक' हे विशेषण या संगीताला चिकटले ते लंडनमधील 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटाने १९७६ मध्ये स्थापन केलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या कंपनीमुळे. नाव उपरोधाचे होते. संगीत हे कारखान्यातील मालच आहे, तर ते तसे उघडपणे म्हणावे, हा त्यामागचा हेतू. लुइजी रुसोलो याने १९१३ मध्ये यंत्रांच्या गोंगाटाचे स्वागत केले होते ते धडधडत्या शहरांच्या ऐन उमेदीत. ऐंशीच्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये 'आइन्श्ट्युर्झेन्ड नॉयबाउटेन' लोखंडी पत्रे आणि ड्रिल वाजवू लागले तेव्हा युरोप-अमेरिकेतले कितीतरी कारखाने बंद पडत होते. रेझनर जेथे लहानाचा मोठा झाला ते मर्सर हे गाव पेनसिल्व्हेनियात, ओहायोच्या सीमेजवळ आहे. त्या सीमेपलीकडच्या यंग्जटाउनमधील मोठी पोलाद गिरणी बंद करण्याची घोषणा १९ सप्टेंबर १९७७ रोजी झाली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. रेझनर तेव्हा बारा वर्षांचा होता. 'नाइन इंच नेल्स' १९८८ मध्ये क्लीव्हलंड या पोलादाच्याच शहरात जन्माला आला. तेथील एका स्टुडिओत किरकोळ कामे करीत रेझनरने मोकळ्या वेळी पहिली ध्वनिमुद्रणे केली. म्हणजे हे संगीत यंत्राचे नसून यंत्र थांबल्यानंतरच्या त्याच्या आठवणीचे आहे. त्यातील ठोक्यांची सक्त पुनरावृत्ती ज्या शिस्तीची नक्कल करते ती शिस्त त्या परिसरातून निघून जात होती.

'द स्लिप'मध्ये या प्रकाराने आपला उरलासुरला कारखानाही सोडला. तबकडी दाबणारे यंत्र नाही, गोदाम नाही, मालमोटार नाही. औद्योगिक म्हणवणारी कलाकृती, आणि तिला औद्योगिक वस्तूचे शरीरच नाही. जेरार जेनेटने १९८७ मध्ये ज्याला संहितेचा उंबरठा म्हटले ते सारे, म्हणजे मुखपृष्ठ, श्रेयनामावली, गीतांचे शब्द, येथे ध्वनिफितीच्या आत शिरले. प्रत्येक रचनेच्या संगणकीय फाइलमध्ये तिचे स्वतंत्र चित्र आणि शब्द गुंफलेले होते. उंबरठा घरात आला, असे म्हणता येईल.

आता कलाकृतीकडे. अल्बममध्ये दहा रचना आहेत आणि त्यांचा एकूण काळ पावणेचव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. पहिल्या रचनेचे नाव '९९९,९९९' आणि दुसरीचे '१,०००,०००'. पहिली जेमतेम दीड मिनिटाची, दाट होत जाणारी गुणगुण; मग जॉश फ्रीझचे ढोल एकदम कोसळतात आणि मोजणीयंत्रातील शेवटचा आकडा फिरल्याप्रमाणे दुसरी सुरू होते. दशलक्ष या संख्येला गाण्यात काही वैभव नाही. तेथे ती अंतराची, बधिरतेची संख्या आहे. दशलक्ष प्रती हे लोकप्रिय संगीताच्या बाजारातील यशाचे परिमाण असते, हे मात्र ऐकणाऱ्याला विसरता येत नाही. पुढे जुलैपर्यंत हा अल्बम वृंदाच्या संकेतस्थळावरून चौदा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. एकही प्रत न विकता दशलक्षाचा टप्पा गाठण्याचा हा विनोद शीर्षक देताना अभिप्रेत होता की नाही, याची चौकशी निरर्थक आहे. संहितेत तो आहे.

'लेटिंग यू' हे गाणे सत्ताधाऱ्यांना उद्देशून आहे, पण त्याचा खरा रोख त्यांना मोकळीक देणाऱ्यांवर आहे. आवाज इतका विद्रूप केला आहे, की बोलणारा माणूस स्वतःच ध्वनिक्षेपकातील बिघाड वाटावा. त्यानंतर येते 'डिसिप्लिन', अल्बममधील सर्वांत नृत्यानुकूल आणि एप्रिलमध्येच रेडिओकेंद्रांकडे गेलेले गाणे. फूकोचे नाव येथे घेण्याचा मोह पदव्युत्तर वर्गात आवरणे कठीण जाते; गाण्याला त्याची गरज नाही. त्यातील निवेदक समोरच्याकडे शिस्त मागतो, आपल्याला आवरण्याची विनंती करतो, एकदा सुरू झालो की थांबता येत नाही अशी कबुली देतो. समोरची व्यक्ती प्रेयसी असेल, श्रोता असेल. ठेका मात्र विनवणीच्या विरुद्ध वागतो. तो अतिशय शिस्तबद्ध, जवळजवळ आज्ञाधारक आहे. मालकाच्या तावडीतून नुकता सुटलेला माणूस पहिली मागणी करतो ती नियंत्रणाची. करारमुक्तीच्या जल्लोषात हा अल्बम ऐकणाऱ्यांनी या गाण्याकडे चटकदार एकगाणे म्हणून पाहिले. वस्तुतः भेटीच्या घोषणेवरचे सर्वांत नेमके भाष्य त्यातच आहे. देण्याने मुक्त झालेला माणूस कोणाला उत्तरदायी असतो, हा प्रश्न रेझनरने निवेदनात विचारला नाही, गाण्यात विचारला.

'एकोप्लेक्स' हे नाव फितीवर प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या एका जुन्या यंत्राचे. गाण्यातील माणूस भिंतीआड आहे, त्याचाच आवाज त्याच्याकडे परततो आहे, आणि ठेका यंत्राचा आहे. मोसच्या भेटीला परतफेड असते, प्रतिध्वनीला नसते. प्रतिध्वनी म्हणजे आपलेच आपल्याला मिळणे. 'हेड डाउन'विषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्वतःचा चेहरा नाकारणारा त्यातला माणूस रेझनरच्या आधीच्या गाण्यांतून पुष्कळदा भेटला आहे, आणि येथे तो नवे काही घेऊन आलेला नाही.

अल्बमचा खरा वळणबिंदू सातव्या रचनेत आहे. 'लाइट्स इन द स्काय'मध्ये केवळ पियानो आणि अगदी जवळून आलेला, दबलेला आवाज आहे. पाण्यात बुडणे, बुडणाऱ्यासोबत राहणे, एवढाच आशय. त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या 'कोरोना रेडिआटा' आणि 'द फोर ऑफ अस आर डाइंग' या दोन रचनांत शब्दच नाहीत. दोन्ही मिळून बारा मिनिटांहून अधिक काळ, म्हणजे अल्बमच्या चौथा हिश्शाहून जास्त, आवाज नाहीसा झालेला असतो. बुडणाऱ्या माणसाच्या गाण्यानंतरची ही शब्दहीनता अर्थपूर्ण आहे. 'कोरोना रेडिआटा' ही शरीरशास्त्रातील संज्ञा मेंदूतील मज्जातंतूंच्या एका पसाऱ्याला आहे, तशीच स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींच्या कडेलाही. अखेरच्या रचनेचे नाव 'डीमन सीड', सैतानी बीज, असे असल्याने दुसरा अर्थही जागा होतो. शुद्ध हरपणे आणि काहीतरी अघोर रुजणे हे एकाच नावात सामावले आहे. 'डीमन सीड'मध्ये आवाज परत येतो, परंतु बुडताना गेलेलाच माणूस परत आला आहे, अशी खात्री वाटत नाही. ठेका पुन्हा यंत्राचा होतो.

या रचनाक्रमाविषयी एक मत सहज मांडले जाते : कंपनीचे बंधन नव्हते म्हणूनच साडेसात मिनिटांची शब्दहीन, जवळजवळ ठेकाहीन रचना अल्बमच्या मध्यावर ठेवता आली. हे मत पुराव्यावर टिकत नाही. १९९९ मध्ये याच रेझनरचा 'द फ्रॅजाइल' हा तेवीस रचनांचा, शंभर मिनिटांहून दीर्घ अल्बम बड्या कंपनीमार्फतच आला होता आणि त्यातही अनेक रचना शब्दरहित होत्या. रूपाचे स्वातंत्र्य त्याला तेव्हाही होते. मग स्वयंप्रकाशनाने दिले काय? 'द स्लिप' ऐकता ऐकता उत्तर हळूहळू उमगते. त्याने महत्त्वाकांक्षेपासून सुटका दिली. 'द डाउनवर्ड स्पायरल' (१९९४) आणि 'द फ्रॅजाइल' यांवर महाकृती असण्याचा भार आहे. पाच वर्षांनी येणाऱ्या, लाखो डॉलर खर्चून जाहिरात होणाऱ्या अल्बमला साधे असण्याची परवानगी नसते. 'द स्लिप' हा तोपर्यंतच्या त्यांच्या पूर्ण अल्बमांत सर्वांत आखूड आहे, आणि 'घोस्ट्स'नंतर अवघ्या दोन महिन्यांनी आला आहे. रेझनर, ॲटिकस रॉस आणि ॲलन मोल्डर यांच्या निर्मितीत जी घाई जाणवते तिच्यात टिपणाचा ताजेपणा आहे. 'हेड डाउन'सारख्या ठिकाणी टिपणाचा कच्चेपणाही आहे. 'स्लिप' म्हणजे घसरणे, निसटणे, अनवधानाने घडलेली चूक, आणि कागदाचा चिटोराही. शेवटचा अर्थ येथे सर्वाधिक लागू पडतो. मराठीतही 'स्लिप' म्हणजे चिठ्ठीच.

हा निष्कर्ष मान्य केला तर मूल्यमापनाची दिशा बदलते. किंमत नाही म्हणून उणिवा पोटात घालाव्यात, असे नव्हे. या अल्बमचे गुण आणि उणिवा दोन्ही किंमत नसण्यातून आलेल्या आहेत, आणि म्हणून त्या एकत्रच मोजाव्या लागतात. पहिल्या सहा गाण्यांतील सफाई ओळखीची आहे. 'डिसिप्लिन' वगळता त्यांच्या बरोबरीची गाणी 'विथ टीथ'मध्ये (२००५) सापडतील. नंतरच्या चार रचनांचा सलग उतार मात्र रेझनरच्या साऱ्या निर्मितीत आपली जागा राखून आहे. मोफत दिले नसते तर हा अल्बम दोन वर्षे घोटला गेला असता, त्यातील कच्ची गाणी सुधारली असती, आणि तो उतार बहुधा कोठेतरी दुरुस्त होऊन सपाट झाला असता. गाय दुभती आहे आणि तिचे दोन दात पडलेले आहेत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या भेटीमागचे भांडवल कोणाचे, हा प्रश्न उरतो. पिएर बोर्दिउने ज्याला प्रतीकात्मक भांडवल म्हटले ते रेझनरकडे १९८९ पासून साचलेले होते, आणि ते साचवण्यात त्याच कंपन्यांचा, त्यांच्या जाहिरातींचा, दूरचित्रवाणीवरील चित्रफितींचा वाटा होता. अनामिक वृंदाने अल्बम फुकट दिला तर तो कोणी उतरवून घ्यावा, एवढीच त्याची विवंचना असते. सॉल विल्यम्सच्या आकड्यांनी हे आधीच दाखवले होते. स्वयंप्रकाशनाला मुक्तीचा सर्वसामान्य मार्ग म्हणणे म्हणूनच अप्रामाणिक ठरते. २०१३ मध्ये 'हेजिटेशन मार्क्स' हा पुढचा अल्बम बड्या 'कोलंबिया'मार्फत आला, आणि मुक्तीची कहाणी सांगणाऱ्यांची पंचाईत झाली. ती होण्याचे कारण नव्हते. त्यांनी एका अल्बमच्या रूपविशेषाला चळवळ समजण्याची चूक केली होती.

परवान्याची कथा अधिक गुंतागुंतीची. 'घोस्ट्स'मधील एका रचनेचा तुकडा एका तरुण निर्मात्याने आपल्या ठेक्यात वापरला. त्यावर लिल नॅस एक्स याचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे उभे राहिले आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या यादीत सलग एकोणीस आठवडे अग्रस्थानी राहिले. परवान्यात व्यापारी उपयोग वर्ज्य असल्याने व्यवहार रीतसर करावा लागला. रेझनर आणि रॉस यांची नावे गीतकारांत आली. पाणपोईचे पाणी कोणीतरी बाटलीत भरून विकले, आणि त्यात पाणपोईवाल्यालाही वाटा मिळाला.

'द स्लिप'ची तबकडी २२ जुलै २००८ रोजी निघाली. अडीच लाख प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, सोबत चित्रफितीची दुसरी तबकडी. अल्बम घराघरांत असताना, तोही शंभर टक्के तसाच, ही तबकडी विकत घेणारे नेमके काय विकत घेत होते? वॉल्टर बेंजामिनने १९३६ मध्ये सांगितले होते, की यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय नाहीसे होते. येथे पुनरुत्पादन अमर्याद आणि फुकट झाल्यावर कारखान्याला परत बोलावून, त्याच्या यंत्राने प्रत्येक प्रतीवर एक आकडा उमटवून ते वलय पुन्हा चढवण्यात आले. आकडे अडीच लाखांवर थांबतात. अल्बम सुरू होतो तो '९९९,९९९'पासून.